पाऊण तासाची भिंत

किसनराव : तीनदा सांगतलं तुले, साडेपाचले कीर्तन हाय. मले नाचणगावच्या मंडपापर्यंत सोडून दे, मंग बस त्या कम्प्युटरवरच्या रेघेसमोर.

आदेश : बाबा, पाचले साहेबाले अहवाल पाठवाचा हाय. त्यात भिंत हाय म्हणून लिहिलं, की गुजरातची दुसरी विहीर रद्द. आपल्या राकेशले तिथं मीच लावून दिलं, दोन लेकरं हायेत त्याले. त्याचं काम जाईन. अन् मले ते भिंत पटूनच नाई राह्यली.

किसनराव : तेलाच्या विहिरीत भिंत कोनं बांधली?

आदेश : कोनी नाई. जमिनीतलं तेल पुढं कुठं दगडाले अडते का, ते पाहाचं असते. विहीर चालू केली की खालचा दाब उतरते, पुढं भिंत असन तर जास्तच उतरते. पण आमची पहिली विहीर कधी जोरात चालवली, कधी हळू, कधी बंद. नुसता गोंधळ. तो निस्तरून काढाचा, त्याले डीकन्व्होल्यूशन म्हणतात.

किसनराव : मले समजन असं सांग.

आदेश : समजा, बुवा कधी खड्या आवाजात गायले, कधी हळू, मधातच थांबून पाणी प्याले. त्या रेकॉर्डिंगवरून मले काढाचं, की ते एकाच आवाजात सलग गायले असते, तर मागच्या भिंतीवरून घुमारा आला असता का.

किसनराव : बेस हाय हे. काढ अन् चाल.

आदेश : चार दिवस तेच करून राह्यलो. बुवा केव्हा थांबले तेच चुकलं, तर नसलेली भिंत दिसते. अन् विहीर केव्हा चालू, केव्हा बंद, त्याच्यासाठी माह्याजवळ फक्त राकेशचं रजिस्टर.

किसनराव : हा रेघेच्या मधातला उंचवटा कायचा?

आदेश : दाब मोजाच्या यंत्राची खोट. हिशेबातून पुसला मी तो.

किसनराव : तूच म्हनला, चालू असली की दाब उतरते. इथं तर चढला. बंद असन तवा.

आदेश : रजिस्टरात बंद नाई. गुरुवारी सकाळी साडेनऊ ते सव्वादहा, विहीर चालू, असंच लिहेल हाय.

किसनराव : गुरुवारी?

आदेश : काऊन?

किसनराव : काई नाई. माही टोपी कुठी ठेवली?

आदेश : बाबा.

किसनराव : राकेशले फोन लाव.

(फोन स्पीकरवर.)

राकेश : बोला, आदेशभाऊ.

आदेश : गुरुवारी सकाळी विहीर बंद केलती का?

राकेश : बंद अशी नाई. पूजा केली. किसनकाकांनीच सांगतलं होतं, नवीन जागा हाय, नारळ फोडजो, अन् आरती चालू असताना मशीनची घरघर होऊ देजो नोको. वॉल्व्ह फिरवून ठेवला पाऊण घंटा.

आदेश : मंग लिहिलं काऊन नाई?

राकेश : रजिस्टरात काम लिहाचं असते, भाऊ. देवाचं कसं लिहू?

आदेश : वा. मी चार दिवस इथं डोळे फोडून राह्यलो, अन् तिकडं आरती. बाबा, तुम्ही आता पाणी काऊन पिऊन राह्यले?

किसनराव : घसा कोरडा पडला.

राकेश : माही नोकरी जाईन का, भाऊ?

आदेश : ठेव फोन. तेवढा पाऊण तास बंद टाकून, पुसलेलं परत घेऊन पाहू दे.

किसनराव : दिसते का भिंत?

आदेश : थांबा. दोन मिनिटं बोलू नोका.

किसनराव : मी कुठी बोललो?

आदेश : नाई दिसत. शेवटपर्यंत रेघ सपाट.

किसनराव : झालं मंग. काढ गाडी.

आदेश : काय झालं? विहीर काऊन बंद केली, कोनाच्या सांगण्यावरून केली, सारं लिहा लागते. साहेब हसन तरी, नाईतर राकेशले काढन. मशीन बिघडली म्हणून लिहितो.

किसनराव : देवासाठी बंद केली, तिथं खोटं नोको लिहू. पूजा लिही.

आदेश : अन् कोनाच्या सांगण्यावरून?

किसनराव : माह्यं नाव टाक, बापाच्या नावासकट. राकेशचं नोको.

आदेश : टाकलं.

किसनराव : तो उंचवटा कोनं पुसला, हेबी लिहा लागते का?

आदेश : लागते.

किसनराव : मंग माह्या खाली तुह्यं लिही. सावकाश लिही, मी पायी जातो.