कण्हेरीचं कुंपण

नवरा : छाटायची नाही म्हणजे नाही. कण्हेर लावली ती आडोशालाच ना? नुसती वाळकी पानं काढा.

माळीणबाई : साहेब, वर माजलीय, पण बुडाशी बघा की. नुसत्या काठ्या उरल्यात. वाकलं की आरपार अंगण दिसतंय.

नवरा : मग इलाज काय?

माळीणबाई : गुडघ्याइतकी उतरवायची. एकेका खोडाला चार-चार धुमारे फुटतात. मग मुंगी शिरायची नाही.

बायको : नको गं बाई! तोवर सगळं उघडं पडेल. राहू दे आहे तशी.

नवरा : तुला कुणी विचारलं? छाटा हो, बाई. आज सगळी छाटून टाका. मी चहा घेऊन येतो.

(तो आत जातो. कात्री चालू लागते.)

माळीणबाई : पोरी, लांब उभी राहा. चीक विषारी असतो हिचा. गुरं तोंड लावत नाहीत.

बायको : म्हणूनच आणली त्यांनी. पाणी नको, निगा नको, कुणी खाणार नाही.

माळीणबाई : मूळची ओढ्याकाठची गं ही. दगडागोट्यांत रुजते, पूर आला की आडवी होते, ओसरला की उभी. आमच्याकडे अख्खा ओढा गुलाबी व्हायचा. इथे हिची भिंत केलीय. पण मला एक सांग, परवा खिडकीतून तूच म्हणालीस ना, बुडाशी विरळ झालीय ते साहेबांना दाखवा म्हणून?

बायको : हो.

माळीणबाई : आणि आत्ता ‘नको गं बाई’?

बायको : मी ‘हो’ म्हटलं असतं, तर त्यांनी छाटू दिली असती का?

माळीणबाई : ...फाटकाला सदा कुलूप असतं, ते काय चोरांसाठी?

बायको : मी वेंधळी आहे म्हणे. वाट चुकेन. मावशी, त्या कोपऱ्याकडून धरा ना. रस्त्यावरची बस तिकडेच थांबते.

माळीणबाई : कोण यायचंय?

बायको : माझी ताई. कामावरून रोज याच वाटेनं जाते. यांनी तिला सांगितलंय, की मला माहेरचं तोंडही बघायचं नाही. एकदा हाक मारली, तर यांनी रेडिओ मोठा केला. ती न थांबता गेली.

माळीणबाई : सरक. हा कोपरा मोकळा करू दे आधी.

बायको : हळू... आवाज जाईल आत.

माळीणबाई : कात्रीचा आवाज होणारच. त्यासाठीच बोलावलंय मला. ...पोरी, रस्त्यापलीकडे कुणीतरी थबकलंय. तुझ्यासारखंच नाक. डब्याची पिशवी छातीशी धरलीय.

बायको : ताई!

नवरा (आतून) : कुणाशी बोलतेयस गं?

माळीणबाई : माझ्याशी हो, साहेब! फांद्या उचलायला सांगतेय!

बायको : मावशी, फाटकाची किल्ली त्यांच्या खिशात असते.

माळीणबाई : असू दे त्यांच्याकडेच. साडी वर धर. आण तो हात इकडे.