चेटकिणीच्या घराचा नकाशा

— नको, पाणी नको, तुम्ही आधी ती पिशवी खाली ठेवा. ठेवा ना काकू! आज वाचनालय नका उघडू. एक दिवस पुस्तकं नाही मिळाली तर कोणी मरत नाही — म्हणजे मरायचा विषय नाही काढत मी, तोंडच फुटकं आहे माझं. हो, मीच, वरच्या मजल्यावरचा, नववीत दोनदा बसलेला, तुमच्या कुंडीत प्लॅस्टिकची पाल ठेवणारा. ती पाल सोडा. आज गंमत नाहीये. किती वाजले? पावणेतीन? घड्याळ बरोबर आहे ना तुमचं? — आहे. आज बरोबरच आहे.

सांगतो, पटकन सांगतो, मध्ये ओरडू नका. आम्ही चौघं एक खेळ खेळतो, आपापल्या घरी बसून, कॉम्प्युटरवर. मी, जाड्या, जाड्याची बहीण आणि एक दातपड्या. त्यात मी चालवणारा — म्हणजे गोष्ट मी सांगायची, राक्षस मी सोडायचे, नकाशा माझा. ते तिघं म्हणजे त्या नकाशावरच्या तीन सोंगट्या. आणि सगळी मजा नकाशात असते काकू, कारण मला अख्खा दिसतो आणि त्यांना नुसता काळा. ते दारात आले की मी माऊसनं तेवढा काळोख पुसायचा, तेवढीच खोली त्यांना दिसणार. पुढच्या खोलीत काय आहे ते फक्त मला ठाऊक. माझ्या बारीक खुणासुद्धा असतात त्यावर, इथे खड्डा, इथे साप, त्या त्यांना कधीच दिसत नाहीत. घरात मला कोणी विचारत नाही, शाळेत तर बाकसुद्धा मागचा — पण तिथे मी म्हणेन तेव्हा उजेड. कळतंय ना?

तर मला हवं होतं चेटकिणीचं घर. आणि चित्रकला माझी म्हणजे — घोडा काढला तर म्हैस वाटते. डोक्यातून घर काही निघेना. मग काढलं एक माहितीतलं. — हो. तुमचं. रागावू नका, चेटकीण म्हणजे चांगली चेटकीण, पुस्तकंबिस्तकं वाचणारी! फाटक, बोळ, मागचं दार, स्वयंपाकघर, पलंग, पलंगाखालची पत्र्याची पेटी. बाहेरचा रस्ता खरा वाटावा म्हणून नेटवरचा, आकाशातून काढलेला आपल्या गल्लीचा फोटो चिकटवला खाली. आणि माझ्या खुणा. मागच्या दारापाशी लिहिलं, कडी बसत नाही, खांद्यानं ढकल. पेटीपाशी लिहिलं, खजिना.

मग परवा आईनं हाक मारली, कपडे वाळत घाल म्हणून. खेळ ऐन रंगात. म्हटलं जाड्याला चालवू दे दहा मिनिटं, आणि त्याला पाठवली माझी लिंक. खेळणाऱ्याची वेगळी असते आणि चालवणाऱ्याची वेगळी. चालवणाऱ्याच्या लिंकनं सगळं दिसतं, सगळं हलवता येतं. आणि तो जाड्या, त्याच्या डोक्यात भुसा, त्यानं तीच लिंक टाकली चारशे जणांच्या ग्रुपवर — खेळायला या, भारी नकाशा आहे! मी कपडे वाळत घालून परत आलो तर नकाशावर चौथी सोंगटी. नाव काय, तर 'पाहुणा'.

बाकीचे तलवारी काढतायत, आरडाओरडा, आणि हा आपला हळूहळू फिरतोय. या खोलीतून त्या खोलीत. पलंगापाशी थांबला. मग लिहिलं, चेटकीण बाहेर कधी जाते? मला काय कळणार! मला वाटलं रंगलाय बिचारा. मी लिहिलं, रोज तीन ते पाच. तो म्हणाला, कुत्रं? मी म्हटलं, कुत्रंबित्रं काही नाही, एकटीच असते. त्यानं पलंगाभोवती एक फेरी मारली. आणि मग — हे खरं घर आहे ना?

तेव्हा तरी बंद करायचं की नाही मी? कोणीही शहाण्या माणसानं केलं असतं. मी लिहिलं, शोधून दाखव.

— असं बघू नका ना काकू.

काल नकाशावर एक फोटो चिकटवलेला होता. तुमच्या फाटकाचा. निळं, खालची एक सळई वाकलेली. खरा फोटो, रस्त्यावर उभं राहून काढलेला. म्हटलं हाकला याला, तर बटण दाबायच्या आत त्यानं मलाच हाकललं! माझ्याच खेळातून! चालवणारा तो झाला आणि मी नुसती सोंगटी. आता मला सगळं काळं दिसतं, हे बघा, हा फोन. तो पुसेल तेवढंच दिसणार. आज सकाळपासून एवढीच खोली उजळून ठेवलीये त्यानं — पलंगाची. आणि खाली हे लिहिलंय. तीन दहा.

म्हणून म्हणतो, जाऊ नका. इथे थांबायचं नसेल तर वर आमच्याकडे येऊन बसा, आई आहे घरात. आणि पोलिसांना फोन करा. तुम्ही करा, मी नाही. मी केला तर पहिला प्रश्न काय येईल, की तुला आतलं कसं माहीत —

हे बघा. तुम्हीही तेच विचारलंत.

किराणा आणून देतो ना मी. तेव्हा दिसतंच की. — पेटी? पेटी दिसते, म्हणजे वाकलं की... बरं, नाही दिसत. चादर असते. आलो होतो मी आत. मागनं. तुम्ही वाचनालयात असताना. एकदाच — दोनदा — मोजलं नाही हो! काही नेलं नाही, आईशप्पथ, एक टाचणी नाही. नुसती गंमत. चष्मा साखरेच्या डब्यात. घड्याळ अर्धा तास मागे. रिमोट फ्रीजमध्ये. मग वर खिडकीत बसून ऐकायचं, तुम्ही स्वतःशी बोलत कशा शोधताय ते.

तुम्ही हसाल असं वाटलं होतं. या तुम्ही लिहून लावलेल्या चिठ्ठ्या नव्हत्या तेव्हा भिंतीवर. गॅस बंद केला. किल्ली घेतली. आज बुधवार. — आईनं सांगितलं मला, काकूंचं विसरणं वाढलंय, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, मुलगी महिनाअखेर घेऊन जाणार, घर बंद करणार. मी जेवत होतो. घास तसाच तोंडात. बोलणार होतो मी, रोज बोलणार होतो, पण आज बोलू उद्या बोलू करत... तुम्ही काही विसरत नाही काकू. काहीच नाही. ते सगळं मीच.

बोला ना काहीतरी. कान पिळा. ते घ्या, लाटणं घ्या, मारा. नुसतं दाराकडे बोट काय दाखवता? बरं, जातो. जातो म्हटलं ना. आईला सांगा, मुलीला सांगा, सगळ्या गल्लीला सांगा. फक्त हे स्टूल तेवढं मागच्या दाराला लावून जाऊ द्या मला, आणि तुम्ही तुमचा फोन हातात —

थांबा. फाटक वाजलं.

वारा नाहीये. तीन दहा व्हायलाही वेळ आहे अजून. तुम्ही कोणाला बोलावलंय का? मुलीला? दूधवाल्याला? — मान नका हलवू नुसती. बोळात पाय वाजतायत काकू. माझ्या मागे उभ्या राहा. नाही, मीच तुमच्या... काकू, हळूच सांगा, जाऊ का थांबू?