बिनसुळ्याचा हत्ती आणि चहाची पुडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष पूज्य भंते ऊ कोविद, आपल्या नामलॉय गावाचा आज निरोप घेणारे सत्कारमूर्ती कमांडर दुआन योंगशुन, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे मामा, खालच्या मैदानी मुलखातून आलेल्या पोरांचे म्होरके को पाइंग, नगर समितीचे सन्माननीय सभासद, पुलापलीकडून आलेले पाहुणे, चहामळ्यांतल्या माझ्या भावांनो आणि आयाबहिणींनो, आणि दाराशी उभ्या राहून आत्तापासूनच मला ‘आटपा’ अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती, लवे ओन!

मी माई यान मोन. इथल्या उतारावरचा चहामळेवाला. तुम्ही सगळे मला ओळखता, तरी सांगितलं, कारण पाहुण्यांना वाटेल हा कोण पुढारी उभा राहिला. मी पुढारी नाही. समितीला वाटलं, याला बोलायला उभं केलं की हा निदान भाषणापुरता तरी चिडचिड करणार नाही. समितीचा अंदाज चुकला आहे, हे आपल्याला लवकरच कळेल.

अध्यक्षमहाराजांनी मला दोन अटी घातल्यात. पहिली, बंदुकीबद्दल कमी बोलायचं आणि चहाबद्दल जास्त. दुसरी, दुपार व्हायच्या आत संपवायचं. भंते दुपारनंतर अन्नाला शिवत नाहीत, आणि भिक्षूला उपाशी ठेवल्याचं पाप मला या वयात परवडणारं नाही. शिवाय आज बुधवार. बारा वाजले की राहू लागणार, आणि राहूत प्रवासाला कोण निघतं? कमांडरसाहेबांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत. म्हणजे मला जे काही ठरवायचं आहे ते बाराच्या आत ठरवायला हवं.

काय ठरवायचं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. हसू नका. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. माझ्या या खिशात एक पुडी आहे. केळीच्या पानात बांधलेली, वर लाल दोरा. आमच्या डोंगरात लग्नाला, बारशाला, भांडण मिटवायला बोलावणं धाडायचं तर कागद नाही लागत, मुरवलेल्या चहाची पुडी लागते. पुडी उघडून दोन पानं तोंडात टाकली की माणूस ‘हो’ म्हणाला. नाही उघडली तर ‘नाही’ म्हणाला, आणि तोंडाने कुणाला दुखवावं लागलं नाही. किती शहाणी माणसं होती आमची! तर ही पुडी कमांडर दुआन यांनी माझ्या घरी धाडली. माझ्या मुलीसाठी, लवे न्योमसाठी मागणी म्हणून. आणि मी ती अजून उघडलेली नाही.

का नाही उघडली? अहो, मी रीतसर चौकशी केली. मुलाचा जन्मवार कुठला, हे विचारायला नको? वारावरून पत्रिका जुळते, नाव ठरतं, स्वभाव कळतो. मी विचारलं, “कमांडर, तुमचा जन्म कुठल्या वारी?” तर हा गृहस्थ चिनी पद्धतीने म्हणतो, “डुकराच्या वर्षी.” मी म्हटलं, “वर्ष नको, वार सांगा.” तर मामांकडे बघतो. मामा म्हणतात, “पाऊस होता.” आता सांगा, ज्याला आपला वार माहीत नाही त्याला मुलगी कशी द्यायची?

आणि या वाराच्या घोळापायी काय झालं होतं, ते तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरलो. भंते, आता थोडंसं बंदुकीबद्दल बोलतो, क्षमा असावी.

दिव्यांच्या पौर्णिमेआधीचे दिवस होते. तोवर राजधानीतल्या फौजी राजवटीला आपल्या सगळ्यांच्या आपापल्या डोंगरातून, आपापल्या भाषेत शिव्या देऊन झाल्या होत्या. पण एकाने उठायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, असंच चाललं होतं. त्या वेळी पहिल्यांदा ठरलं की उत्तरेच्या सगळ्या डोंगरांत एकाच दिवशी, एकाच वेळी उठायचं. आपल्या नामलॉयच्या वाट्याला तीन जागा आल्या. टेकडीवरची चौकी आम्हा चहावाल्यांकडे. चेकनाका को पाइंगच्या मैदानी पोरांकडे. आणि पूल, जिथून फौजेला मदत येणार, तो दुआन यांच्या लोकांकडे. तीन तुकड्या आणि तीन भाषा. तिघांनी एकदम हात घातला तरच निभाव लागणार होता, एकटा सापडला तो संपला.

दिवस कळवायचा कसा? को पाइंग कॉलेजात शिकलेला, डोकेबाज. त्याने वायरलेसवर सांकेतिक निरोप धाडला, “बिनसुळ्याच्या हत्तीला जेवायला या.” वा! आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आठवड्याचे वार आठ, प्रत्येकाचा एक प्राणी. बुधवारचे दोन. सकाळचा बुधवार, त्याचा हत्ती सुळ्यांचा. दुपारपासून राहू, त्याचा हत्ती बिनसुळ्याचा. म्हणजे बुधवारी, दुपार झाल्यावर. को पाइंगला वाटलं, हे जगाला ठाऊक असतं.

हा निरोप चिनी बोलीत कुणी सांगितला? मामांनी. मामा, मान खाली घालू नका, वर बघा, लोक टाळ्या वाजवतील. मामांनी विचार केला, हत्तीला सुळे असले काय आणि नसले काय, हत्ती तो हत्ती! आणि भाच्याला सांगितलं, “हत्तीच्या दिवशी.” भाच्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. हत्ती म्हणजे बुधवार. आणि लढाईला शहाणी माणसं पहाटेच निघतात.

त्या पहाटे मी माझ्या उतारावर होतो. माझ्याभोवती डोक्याला फडकी बांधून, पाठीवर टोपल्या घेऊन आमची तुकडी चहा खुडत होती. टोपल्यांत पानांखाली काय होतं ते भंतेंसमोर सांगत नाही. वर चौकी, आम्ही खाली, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. दुपारपर्यंत नुसतं खुडत राहायचं, एवढंच काम. माझ्या टोपलीत वायरलेस. आणि एकदम पुलाकडून धडाधड सुरू झालं.

वायरलेसवर कमांडरसाहेबांचा आवाज, आपल्या बोलीत, मोडकातोडका, “अहो, आम्ही पुलावर आलो! तुम्ही कुठे आहात?”

को पाइंग तेव्हा नाक्याबाहेरच्या लॉरीत, चहाच्या पोत्यांखाली पोरांसकट आडवा. तो कुजबुजतोय, “आत्ता? अहो, आज अजून बुधवार आहे!”

“बुधवारच ठरला होता ना?”

“हो, पण हा बुधवार नाही! राहू लागल्यावर!”

“कोण लागल्यावर?”

“राहू! राहू!”

“तो कुणाच्या तुकडीतला? त्याला म्हणावं लवकर ये, इथे माणसं पडतायत!”

हसा, हसा. आज मलाही हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. कारण त्या पुलावर दुआन यांच्या लोकांबरोबर जखमा बांधायला माझी न्योम होती. सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून आलेली नर्स, चिनी बोलता येतं म्हणून तिकडे दिलेली. एकुलती एक पोर हो माझी.

तुम्ही म्हणाल, मग धावला का नाहीत? अहो, धावणार कसा? नाका उघडतो तो दुपारी, चहाच्या गाड्यांसाठी. पुलावर चकमक हे फौजेला रोजचंच, तिचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण टेकडीवर एक गोळी सुटली असती तर नाका बंद झाला असता, आणि पोत्यांखालची ती सगळी पोरं तिथल्या तिथे भाजून निघाली असती. तीही कुणाची तरी एकुलती एकच ना! माझ्या शेजारच्याने टोपलीत हात घातला, तो मी माझ्या हाताने धरला. कसा धरला ते माझं मला माहीत.

एवढ्यात वरून हवालदार ओरडला, “ए म्हाताऱ्या! गोळ्या ऐकू येत नाहीत का? घरी जा!”

मी म्हटलं, “साहेब, पान आज नाही खुडलं तर उद्या जून होतं. मग तुमच्या मोठ्या साहेबांची टोपली कशाने भरू?”

“मग खुड, खुड! आणि माझ्यापुरतं वेगळं ठेव!”

ते हवालदारसाहेब आज मागच्या रांगेत बसलेत. हल्ली बाजारात भजी तळतात. भजी उत्तम असतात, चहा मात्र अजून फुकटच मागतात.

मग वायरलेसवर न्योमचा आवाज आला. मागे एवढा धडाका चाललेला आणि ही मला विचारते, “बाबा, जेवलात का?”

मी म्हटलं, “जेवलो.” कसलं जेवतोय!

“बाबा, तुमच्या त्या राहूला थोडं अलीकडे नाही का आणता येणार?”

मी वर सूर्याकडे पाहिलं. तर तीच म्हणते, “बरं, राहू दे. आम्ही धरून ठेवतो. कमांडर म्हणतायत, चूक आमच्या कानांची, तुमची पोरं उघडी पाडू नका. तुम्ही खुडत राहा बाबा. हात थांबवू नका, वरून दिसतं.”

मी खुडत राहिलो. दोन पानं आणि एक कळी, एवढंच खुडायचं, ही माझ्या आजोबांपासूनची शिस्त. त्या दिवशी मी काय खुडलं ते मला ठाऊक नाही. देठ, जून पानं, फांद्या, जे हाताला लागेल ते ओरबाडून टोपलीत टाकत होतो. डोळ्यांना पाणी आलं की माणसाला पान दिसत नाही. तेवढ्यात चौकीतली बहुतेक फौज दोन गाड्यांत बसून पुलाकडे गेली. एवढाच हल्ला आहे असं वाटलं त्यांना! आमच्यासाठी टेकडी मोकळी झाली, आणि न्योमच्या अंगावर आणखी दोन गाड्या गेल्या.

आणि मग विहाराची घंटा वाजली. भंते म्हणतात, ती त्यांनी रोजच्यासारखी जेवण आटोपल्याची वाजवली. आम्ही कोण शंका घेणार! घंटा वाजली, नाका उघडला, पोती उभी राहिली, टोपल्या उलट्या झाल्या. चौकी तर जवळपास न भांडताच मिळाली. हवालदारसाहेबांनी हात वर केले आणि विचारलं, “म्हणजे माझा चहा गेला का?” संध्याकाळी कळलं की नामलॉयच नाही, डोंगरामागून डोंगर त्याच दिवशी उठले होते. पण ते मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी चौकीत शिरलोच नव्हतो, मी पाठीवरची भरली टोपली तशीच घेऊन पुलाकडे पळत सुटलो होतो.

पुलावरून काही जण परत आले नाहीत. त्यांची नावं भंते रोज सकाळी घेतात, आणि आज त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची रिकामी ठेवली आहे, ती आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांनी एका चुकीच्या बुधवारची किंमत दिली आणि आपलं गाव राखलं. न्योम मला दिसली ती दुआन यांचा दंड बांधताना. मी त्यांच्या अंगावर ओरडलो, “तुम्हाला वार कळत नाही का हो?” तर रक्ताने माखलेला तो माणूस उभा राहिला, वाकला आणि म्हणाला, “काका, आता कळला. जन्मभर विसरणार नाही.”

आता मला सांगा, अशा माणसावर किती दिवस रागवायचं? मी पुष्कळ दिवस रागावून पाहिलं. जमतं, पण जेवण जात नाही.

लवे ओन, कळलं! आटपतो. दोरा सोडतोय, दिसत नाही का? गाठ कुणी मारली आहे ही? मामा, तुम्ही? सुटेल, सुटेल... हां.

पूज्य भंते, हे पाहा. थांबा हं...

अरे, हा काय चहा आहे? देठ, जून पानं, अर्ध्या फांद्या! आमच्या मळ्यात असली खुडणी कुणी केली तर त्याला मी...

न्योम.

न्योम, ही माझी टोपली आहे. त्या दिवसाची. मी तुला म्हटलं होतं, ही उकिरड्यावर टाक. तुम्ही दोघांनी मुरत घातलीत? बांबूच्या नळीत भरून? कुठे, पुलाजवळ? आणि इतके दिवस मला एका शब्दाने बोलला नाहीत!

खातो. सगळ्यांसमोर खातो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको.

कडू आहे. देठ दाताखाली येतायत. माझ्या आयुष्यात मी एवढा वाईट चहा खुडला नाही. पण मुरलाय हो. चांगला मुरलाय.

टाळ्या पुरेत, भंतेंच्या जेवणाची वेळ होत आली. कमांडर, तुमचे आणि तुमच्या लोकांचे या गावावर उपकार आहेत, ते फेडायची आमची ऐपत नाही आणि इच्छाही नाही, असू देत अंगावर. पाहुण्यांनो, वेळात वेळ काढून आलात, आभारी आहे. मामा, तुमची थट्टा केली, हवालदारसाहेब, तुमचीही केली, म्हाताऱ्याची जीभ आहे, पोटात घाला. भंते, बंदुकीबद्दल ठरल्यापेक्षा जास्त बोललो, त्याचं काय प्रायश्चित्त ते सांगा, उद्यापासून सुरू करतो.

आणि जावईबापू, गाडीत बसण्याआधी एक करा. लग्न बुधवारीच करू, मला चालेल. फक्त सकाळी की राहूत, ते आत्ताच माझ्यासमोर मामांना तीनदा म्हणायला लावा.