गोदेची खार

नाही हो रावसाहेब, मोजणीच्या कागदावर खाजण नका लिहू. आणि ‘वस्ती नाही’ तर मुळीच नका लिहू — मी सगुणा इथं ओटीवर बसलेय, तुम्ही माझ्या घरचं पाणी प्यायलात, मग आपण दोघं काय खाडीत बसलोय? हसू नका. खाडीचा ओसाड चिखल म्हणून खाजण लिहिलंत की सरकार ही जागा उद्या कुणालाही देऊन टाकील, मग आमची अठरा घरं कुठं गेली ते कुणी लिहायचं?

नाव विचारलंत ना? गोदेची खार. गोदा म्हणजे माझी सासू. कळव्याहून नवऱ्यामागं आली तेव्हा इथं नुसता चिखल. दोघांनी तीन उन्हाळे माती वाहून बांध घातला, भरतीचं पाणी अडवून खार काढली, आत भात लावलं, एक झोपडं उभं केलं — आणि भाद्रपदाच्या उधाणाला बांध फुटला. मामंजी डोक्याला हात लावून बसले, पुरुषमाणसं बसतात तसे, तुम्हाला नाही म्हणत — आणि हिनं काय केलं? झोपडं मोडलं. कुडाच्या काठ्या, छपराचा पेंढा, पाटा, बाज, लग्नातला पेटारा, सगळं त्या भगदाडात कोंबलं, वर माती. भात राहिलं, घर गेलं. मग एकाचं बघून एक माणसं येत गेली, कुठं राहता विचारलं तर म्हणत गेली, गोदेच्या खारीत. कुणी बारसं नाही केलं. असंच पडतं ना नाव? तुमच्या गावाचं कसं पडलं? — बरं, राहू द्या.

आता तुम्ही म्हणता, हद्दीच्या दगडाच्या आत ते गाव, दगडाबाहेर ते खाजण, नि आमची घरं पडली बाहेर. पण तो दगड काय भेंडीच्या झाडाखाली उगवला? दोन वर्षांमागं तुमच्याच माणसांनी बांधाच्या टोकाला पुरलेला, वर फुली कोरून. कशाचा ते सांगितलं कुणाला? नाही. आम्ही बायकांनी देव म्हणून शेंदूर लावला, नारळ फोडला. आणि उधाण आलं की देव गळ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात — बघवेना हो. शेवटी खणून काढला, टोपलीत घातला नि आणला वर भेंडीच्या सावलीला, वाटेत दोनदा टेकवला, दोन्ही वेळा पाया पडले त्याच्या...

मी एकटीनं. दुसऱ्या कुणाला विचारू नका.

नकाशा का उलगडलात? परत नेऊन ठेवते ना, आत्ता. चला, खड्डा दाखवते — काय? हलवला म्हणजे गुन्हा? देवाला सावलीत बसवलं तो?

इतका वेळ लेखणी वाळत होती, आता बुडवलीत. गावाचं नाव सांगितलं ते नाही उतरलं, माझं विचारताय. लिहा. सगुणा, वय साठीच्या पुढं. आणि राहणार कुठली, ते लिहावंच लागेल ना? मग लिहा — राहणार गोदेची खार. नीट लिहा. मला वाचता येत नाही, एकदा वाचून दाखवा. आणि मग उठा, पाणी चढायच्या आत वाटेला लागा.