आबांचा खड्डा

रस्ता चांगला झाला म्हणून गाव चुकलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय.

आमच्या रस्त्याच्या डांबरीकरणाचा ठराव ग्रामसभेत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकटे आबा उठून उभे राहिले. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार करून आबा जीपमध्ये बसले की झोपतात. गावच्या फाट्यावरच्या खड्ड्यात जीप आदळली की जागे होतात आणि उतरतात.

"सरपंच, रस्ता करा, पर फाट्यावरचा खड्डा तेवढा ऱ्हाऊ द्या. मला उठवणार कोण?"

सभा हसून लोळली. सरपंच डोळे पुसत म्हणाले, "आबा, तुमच्या झोपंसाठी गावाचा रस्ता अडवू का?" आणि ठराव मंजूर.

रस्ता झाला, पोटातलं पाणी हलणार नाही असा. पहिल्याच बाजारी आबा जीपमध्ये डोळे ताणून बसले होते. शेजारी मी. फाटा आला तसं त्यांनी ओरडून जीप थांबवली. आम्ही उतरलो. बघतो तर मागच्या सीटवर सरपंच घोरतायत!

मी उठवायला हात घातला, तर आबांनी मनगटच धरलं.

"ऱ्हाऊ दे रं. त्यांनीच मंजूर केलेला रस्ता हाय. शेवटपतुर बघू दे."

सरपंच जागे झाले ते थेट जीपच्या शेवटच्या थांब्यावर, न्हावऱ्यात.

पुढच्या सभेत पहिलाच ठराव आला, फाट्यावर गतिरोधक टाकण्याचा. कुणीतरी विचारलं, "का वो, तिथं अपघात होत्यात काय?"

सरपंच ठरावाचे कागद चाळू लागले. आबाच उठले आन् म्हणाले, "एक झालाय. माझं अनुमोदन!"