कंपाऊंडचा परवाना आणि शेवगा

कंपाऊंडच्या खर्चात मी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती मोजणीच्या पैशापायी. आमच्या ह्यांना तेवढ्याच पैशात सिंहाची तोंडं असलेलं गेट पायजे होतं. मी म्हटलं, "आधी मोजणी, मग परवान्याची फी. उरलं तर सिंह."

शेजारचे माने भाऊजी तर लई हसायचे. "वहिनी, भिंतीला कुणी परवाना काढतंय व्हय? सरळ बांधून टाका की!" असं म्हणत हद्दीवरच्या शेवग्याच्या शेंगा तोडायचे. "झाड आमचंच," असं ते सांगायचे. आमटीला शेंगा लागल्या की आमी त्यांना मागायला जायचो.

मोजणीवाले आले, मापं घेतली आणि हद्दीची खूण रोवली ती शेवग्याच्या पार पलीकडं. अख्खं झाड आमच्यात! भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं. मग रीतसर परवाना निघाला, भिंत झाली, बिनसिंहाचं गेटही बसलं.

परवा भाऊजी भिंतीवरून डोकावले. "वहिनी, आमटीला चार शेंगा तोडू का?"

मी म्हटलं, "तोडा की भाऊजी. फक्त आधी परवाना काढा!"