शेजारी बसलेला मिस्त्री

ऐका. दार लोटून घ्या आधी. भुतासाठी नाही, डासांसाठी. भुताला दार लागत नाही. आणि सोनाबाई, किती मागं सरकशील? अंधार मागंच जास्त आहे.

तर आपल्या सड्यावर, ह्या घाटमाथ्यावरच्या माळावर, हौसाजी म्हणून एक गडी होता. त्याच्याकडं जुनी मोटार. चार जणांची, बसायचे आठ. त्या मोटारीचा ब्रेक ढिला झाला. पेडल दाबलं की पाय नुसता खाली जायचा. दोनदा, तीनदा पंप मारला की मग गाडी कशीबशी उभी. एरवी हौसाजीनं असेच दिवस काढले असते. पण बायको शेवंता पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि तिचं माहेर घाटाखाली. सकाळी तिला याच मोटारीत घालून न्यायचं होतं. तिच्या पोटाकडं बघितलं की ह्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, खाटेवर बसला असला तरी.

सड्यावर मिस्त्री नाही. पंक्चर काढणारा एक होता, तो ब्रेकला हात लावायला द्या म्हणाला, पण हौसाजीनं त्याला चाकालाच हात लावू दिला नाही. ब्रेकचं काम करावं ते रज्जाक मिस्त्रीनं, आणि रज्जाक घाट उतरल्यावर फाट्यावर. म्हणजे बघा, ब्रेक दुरुस्त करायला ब्रेक नसलेली गाडी घेऊन घाट उतरायचा. हसू नका. तुम्ही तर हॉर्न बिघडला म्हणून ओरडत गेला असता. हौसाजीचा हिशोब साधा होता. आज एकट्यानं जावं, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पायानं. गेलो तर एकटा जाईन, उद्या ती शेजारी असताना नको.

दिवे लागल्यावर निघाला. घाटाच्या तोंडाशी आला तर उजेड. बत्ती पेटवलेली, पत्र्याचं छप्पर, दोरीला टायर टांगलेले. इथं दुकान कधी झालं? हौसाजी चकित, पण मनातून खूश. अडलेल्या माणसाला उजेड दिसला की तो जास्त चौकशी करत नाही.

आत तेलकट कपड्यातला एक मिस्त्री उभा. हौसाजीनं तोंड उघडायच्या आतच म्हणाला, की पेडल खाली जातंय ना, सोडून द्या माझ्यावर. आणि सरकला की गाडीखाली. जॅक लावला नाही, काही नाही. थोड्या वेळानं पुढच्या चाकाजवळून हात बाहेर आला, पाना मागायला. हौसाजीनं पाना दिला. मग त्याचं लक्ष मागं गेलं. मिस्त्रीचे पाय मागच्या चाकापलीकडं दिसत होते. हौसाजीला वाटलं, माणूस उंच असेल.

असं वाटतं बरं का, वाटतं! काम होत असलं की डोळे नको तेवढं बघत नाहीत.

मिस्त्री बाहेर आला. कपड्याला माती नाही. हौसाजीनं पेडल दाबून बघितलं, तर दगडासारखं घट्ट. आता आपल्याकडं एक रीत आहे, ती गाडीवाल्यांना ठाऊक. ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्यानंच पहिल्या उताराला शेजारी बसायचं. कागदाची गॅरंटी नाही, मिस्त्रीच्या जिवाची गॅरंटी. कच्चं काम करणारा मिस्त्री अशा वेळी हमखास पोटदुखी काढतो. म्हणून हौसाजी म्हणाला, "बसा मिस्त्री, पहिली घाटी संगं उतरू."

मिस्त्री लगेच बसला. आनंदानं बसला. हौसाजीचा सगळा संशय गेला.

पहिलं वळण, ब्रेक लोण्यासारखा. दुसरं वळण, वा! हौसाजीनं पहिला गिअर सोडून दुसरा टाकला, तिसरा टाकला. मिस्त्री म्हणाला, चौथा टाका की. उतार वाढला, हौसाजीनं ब्रेक दाबला, आणि पाय सरळ तळाला गेला. पंप मारला. काही नाही. परत मारला. काही नाही. गिअर खाली ओढायला गेला, तर दांड्यावर मिस्त्रीचा हात, विहिरीच्या पाण्यासारखा गार.

"सरळ घ्या," मिस्त्री म्हणाला. "रस्ता सरळच हाय."

आणि खरंच! दिव्याच्या उजेडात रस्ता सरळ दिसत होता. रुंद, गुळगुळीत. पण हौसाजी त्या घाटात म्हातारा व्हायला निघालेला गडी. तिथं उतरताना डोंगर डाव्या हाताला असतो, आणि सरळ असते ती फक्त दरी. वाचायचं तर गाडी डाव्या अंगानं डोंगराला घासायची. पण डाव्या अंगाला माणूस बसलेला! त्याचा चेंदा होईल. स्वतःसाठी दुसऱ्याला मारायचं?

वळणावर गाडी हेलपाटली. हौसाजी दारावर आदळला. शेजारचा मात्र तसूभर हलला नाही. खांबासारखा ताठ. त्याच्या वजनानं सीटसुद्धा दबली नव्हती.

तेव्हा हौसाजीला कळलं. ह्यानं जिवाची गॅरंटी दिली होती, पण जीव होता कुठं?

स्टेअरिंग डावीकडं पिळलं. डोंगर घासला, दार फाटलं, आरसा गेला, ठिणग्या उडाल्या. गाडी खरवडत, ओरडत गटारात तोंड खुपसून थांबली. मागचं चाक दरीच्या कडेपासून लांब नव्हतं. शेजारची सीट रिकामी. खिडकीतून तेवढा आवाज आला, अगदी धंद्यातला, शांत.

"जरा ॲडजस्टिंग राहिलंय. परत वर आणा."

हौसाजी पळत घाट उतरला. चप्पल एका वळणावर, टोपी दुसऱ्यावर. रज्जाकच्या दारात पडला, रज्जाकनं आत ओढून घेतला, आणि उजाडल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

सकाळी रज्जाकनं जागेवर जाऊन ड्रम खोलले. आत चाक धरणारे लायनर नव्हतेच. चारी चाकांत ओला पालापाचोळा ठासलेला. रज्जाकनं सगळं नव्यानं भरलं, ब्रेक ऑइल बदललं, पाइप बघितले, गाडी गटारातून ओढून काढली, आणि दोघं वर सड्यावर आले. शेवंता बोचकं घेऊन अंगणात उभीच. रज्जाक रीतीप्रमाणं पुढं शेजारी बसला.

हौसाजी गाडी सुरू करीना. शेवंताला गाडीच्या दारातच थोपवून त्यानं विचारलं, "मिस्त्री, घरी कोन कोन हाय?"

रज्जाक चिडला. म्हणाला, रात्रभर माझ्या घरात पडला व्हतास, दिसलं न्हाई? बायको हाय, तीन पोरं हायत, म्हातारी आई हाय, तिला मी घास भरवल्याबिगर जेवण जात न्हाई. दुपारच्या आत मला घरी पोचायचंय.

हौसाजी शेवंताला म्हणाला, "बस."

तर तो जुना घाट अंधार पडल्यावर धरू नका. वर बत्ती दिसली तर बघूसुद्धा नका. मिस्त्री शोधायचा तर असा शोधा, ज्याची घरी कुणीतरी वाट बघतंय. आता उठा. आणि यशवंता, परवा तुझ्या फटफटीचा ब्रेक ज्यानं भरला, तो कुठल्या गावचा रे? नाही, सहज विचारलं.